काय कळतंय तुला सिनेमातलं?

भाकरी थापत असाल, शेळीला पाला टाकत असाल, तर हात थांबवू नका. कान तेवढे इकडे असू द्या.

आज सिनेमाचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. विषय का काढला, ते आधी सांगते.

माझ्या धाकट्या जावेची मुलगी बारावीला आहे. मोबाइलवर पिक्चर बघते, मालिका बघते आणि बघितलं की मत देते. कुणी विचारलेलं नसतं, तरी देते. "काकू, ही हिरॉइन अख्ख्या पिक्चरभर रडतेच, तोंड का उघडत नाही?" "काकू, मालिकेतल्या बायका भरजरी साडी नेसून भांडी कशा घासतात? आणि यांच्यातली एकही रानात का जात नाही?" असं तिचं चालू असतं. मागच्या महिन्यात ती आपल्या रेडिओ केंद्रावर आली आणि म्हणाली, मला आठवड्यातून पाच मिनिटं द्या. मी पिक्चरबद्दल बोलेन.

कार्यक्रम समितीत आम्ही सात बाया. पाच जणी म्हणाल्या, नको. रेडिओवर आरोग्य हवं, पीकपाणी हवं, योजनांची माहिती हवी. पोरीबाळींच्या सिनेमाच्या गप्पा कशाला? एकजण तिला तोंडावरच म्हणाली, "काय कळतंय तुला सिनेमातलं?" पोर काही न बोलता चप्पल घालून निघून गेली.

खरं सांगते, मीही त्या वेळी गप्प बसले. रात्री मात्र झोप लागेना. हेच वाक्य मी आमच्या घरात आधी ऐकलं होतं. ते कुणी कुणाला म्हटलं होतं, ते पुढे सांगते. आधी मागे जाऊ, अगदी सुरुवातीपर्यंत.

७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया, म्हणजे तुमच्याआमच्यासारखीला ते दार बंदच. पुढे हेच खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात सुरू झाले. तिथं चार आण्यांपासून तिकिटं होती आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या राखीव जागाही होत्या. म्हणजे सिनेमा आला तेव्हापासून बायका बघायला येतीलच, हे खेळवाल्यांनी धरलं होतं. फक्त त्यांनी बसायचं कुठं, हे दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं.

मग आले आपले दादासाहेब फाळके. मूळचे त्र्यंबकेश्वरचे. ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघून त्यांच्या डोक्यात आलं, की आपल्या देवांच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत? झालं, वेडच लागलं. पण वेडाला पैसा लागतो. तो कुठून आला? काही विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून, आणि काही सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर. सरस्वतीबाई म्हणजे त्यांची बायको.

बायांनो, हे नाव लक्षात ठेवा. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमागृहात लागला. तो तयार होताना सरस्वतीबाईंनी काय केलं? फिल्मच्या कडेला भोकं पाडावी लागतात, ती पाडली. रात्री अंधारात बसून फिल्म धुतली. आणि दिवसा त्या सगळ्या मंडळींचा, साठ-सत्तर माणसांचा, स्वयंपाक केला. आपल्या जावेची पोर हे ऐकून पटकन म्हणाली, "म्हणजे काकू, पहिली टेक्निशियन बाईच की!" मी शंभरदा फाळक्यांचं नाव ऐकलं असेल, पण मला हे कधी सुचलं नव्हतं.

आता गंमत बघा. घरात बाई फिल्म धूत होती, पण पडद्यावर यायला बाई मिळेना. हरिश्चंद्राची राणी तारामती कोण होणार? फाळक्यांनी खूप शोधलं. चांगल्या घरची बाई तर सोडाच, वस्तीतल्या कलावंतिणींनीही नाही म्हटलं. सिनेमात तोंड दाखवणं त्याहून वाईट समजलं जायचं! शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात साळुंके नावाचा सडपातळ तरुण फाळक्यांना दिसला. तिथं स्वयंपाक करायचा. तोच झाला तारामती. चार वर्षांनी 'लंका दहन'मध्ये तर या साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. लोक रामाला नमस्कार करत, सीतेसाठी डोळे पुसत. दोघं एकच!

पण त्याच १९१३ साली आणखी एक गोष्ट घडली. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रपटात दोन बाया आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मुलीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या. त्या काळात अशा बाईला लोक काय म्हणत असतील, ते मी सांगायला नको. कमला तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तीच पुढे कमलाबाई गोखले. नवरा लवकर गेला, तरी रंगमंचावर उभी राहिली. पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या. चंद्रकांत गोखले तिचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. एका साळुंक्यानं बाईचं सोंग घेतलं होतं, आणि पुढे एका बाईनं पुरुषाची सोंगं घेऊन मुलं वाढवली.

एवढं झालं म्हणून दार सताड उघडलं असं समजू नका. मूकपटांच्या काळात नावाजलेल्या अनेक नट्या ज्यू नाहीतर अँग्लो-इंडियन घरांतल्या होत्या. रुबी मायर्स या ज्यू मुलीनं सुलोचना नाव घेतलं आणि ती देशभर गाजली. आपल्या सुलोचनादीदी वेगळ्या, त्या नंतरच्या. आणि ज्यांच्यामागे ना पैसा ना जात, त्यांचं काय झालं? केरळात पी. के. रोझी नावाची दलित बाई होती, गवत कापून पोट भरणारी. तिथल्या पहिल्या चित्रपटात तिनं वरच्या जातीच्या बाईची भूमिका केली. खेळ चालू असताना लोकांनी पडद्यावर दगड मारले, तिचं खोपट जाळलं. तिला गाव सोडून पळावं लागलं. पुढचं आयुष्य तिनं नाव लपवून काढलं. सिनेमा म्हणजे नुसती करमणूक असं कुणी म्हणालं, की मला रोझी आठवते. करमणुकीसाठी कुणी कुणाचं घर जाळतं का?

१९३१ साली सिनेमा बोलू लागला आणि १९३२ साली मराठीत बोलला. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' काढला. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. तारामती मात्र आता खरी बाई होती, दुर्गा खोटे. मुंबईतल्या मोठ्या घराण्यातली, कॉलेजात शिकलेली. पण घरची ओढाताण, पदरात दोन मुलं, म्हणून कामाला बाहेर पडली. तिच्या पहिल्या चित्रपटावर लोकांनी इतकी टीका केली, की घरच्यांना मान वर करायची चोरी झाली. तरी ती दुसऱ्यांदा उभी राहिली. १९१३ ते १९३२, त्या तारामतीपासून या तारामतीपर्यंत मधे १९ वर्षं गेली.

आता माझ्या पुतणीच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. हिरॉइन तोंड का उघडत नाही?

ती हे 'माहेरची साडी' बघून म्हणाली होती. १९९१ चा तो पिक्चर, अलका कुबलचा. तुमच्यातल्या कितीजणींनी बघितला, हात वर करा म्हणाले असते तर केंद्राचं छप्पर उडालं असतं. मूळची गोष्ट राजस्थानी चित्रपटातली, पण आपल्याला ती आपल्याच घरातली वाटली. मी तेव्हा नवी नवरी होते. गल्लीतल्या आम्ही नऊजणी एसटीनं तालुक्याला गेलो. थिएटरात एकीकडून हुंदका आला की दुसरीकडून दोन यायचे. पोर म्हणाली, "काकू, तुम्ही त्यात एवढं काय रडलात?" मी सांगितलं, "बाळ, त्या अंधारात रडलं तर कुणी विचारत नव्हतं, काय झालं म्हणून. घरी रडलं की विचारायचे."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "रडलात ते बरोबर. पण तिनं तोंड उघडायला पाहिजे होतं." आणि मैत्रिणींनो, तिचं म्हणणं मला खोडता येईना.

मला वाटायचं, जुन्या काळी बायका सोसायच्या, म्हणून जुन्या पिक्चरमध्येही सोसायच्या. पण तसं नाही. 'माहेरची साडी'च्या ५४ वर्षं आधी, १९३७ साली, प्रभातचाच 'कुंकू' आला होता. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायिका शांता आपटे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. नीरा नावाच्या तरण्या मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी लावतात. आणि ती नीरा काय करते? विहीर जवळ करत नाही, नशिबाला बोल लावत नाही. स्पष्ट सांगते, हे लग्न मी मानत नाही. घरात राहते, पण त्याला नवरा म्हणून जवळ येऊ देत नाही. सावत्र मुलगा वाह्यातपणा करतो, तर त्याला चोप देते. शेवटी त्या म्हाताऱ्यालाच आपला अन्याय उमगतो.

तो काळ लक्षात घ्या. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली झाला. त्यात मुलीच्या लग्नाचं वय निदान १४ ठरवलं होतं. कायदा कागदावर आला, पण चौदा-पंधराची पोर पन्नाशीच्या माणसाच्या गळ्यात बांधणं थांबलं नव्हतं. अशा दिवसांत थिएटरात बसलेल्या बाईनं पडद्यावर दुसऱ्या बाईला 'नाही' म्हणताना पाहिलं. घरी जाऊन तिनं काय केलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण 'नाही' असं म्हणता येतं, हे तिनं बघितलं, हे तर खरं ना?

शांता आपटे पडद्याबाहेरही तशीच. १९३९ साली करारावरून कंपनीशी वाद झाला, तर पुण्यात स्टुडिओच्या फाटकाबाहेर उपोषणाला बसली. दुसऱ्या वर्षी तिनं पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींना आतलं खरंखोटं सांगणारं. प्रभातची तीच जागा १९६० साली सरकारच्या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेला मिळाली. आज तिथं मुली कॅमेरा चालवायला शिकतात.

आणि 'संत तुकाराम' आठवतो का? १९३६ चा. मुंबईत तो एका थिएटरात ५७ आठवडे चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. सगळे तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांबद्दल बोलतात. पण त्यातली आवली बघा, गौरी नावाच्या नटीनं केलेली. नवरा देवभोळा, घरात दाणा नाही, पोरं उपाशी, म्हैस सांभाळायची हिनंच. ती भांडते, नवऱ्याशी आणि त्याच्या देवाशीही. तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात, तरी तिचं लक्ष चुलीवरच्या स्वयंपाकात. आमची पोर म्हणाली, "काकू, ही आवली म्हणजे आपल्या बचत गटातलीच बाई." आता सांगा, हिला सिनेमातलं कळत नाही?

तर सिनेमातली बाई काही एकेक पायरी चढत वर आली नाही. १९३७ ला नाही म्हणाली, १९९१ ला सोसत राहिली. मधे १९८२ साली 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटील कामासाठी घराचा उंबरठा ओलांडून बाहेर पडली. २०१६ साली 'सैराट'ची आर्ची बुलेटवर बसली, ट्रॅक्टर चालवला, आणि तिचं पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. कधी वर, कधी खाली. म्हणून कुणीतरी बघत राहावं लागतं आणि म्हणावं लागतं, की हे पटलं, हे पटलं नाही.

टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. खेड्यात टीव्ही पोचायला पुढची कितीतरी वर्षं गेली. १९८७ साली 'रामायण' लागलं, तेव्हा आमच्या माहेरच्या गावात मिळून दोन टीव्ही. रविवारी सकाळी साडेनऊच्या आत भाकरी उरकायच्या आणि पाटलाच्या पडवीत जागा धरायची. म्हाताऱ्या बाया टीव्हीला हळदकुंकू लावायच्या. त्याच्या आधी १९८४-८५ मध्ये 'हम लोग' लागायची. त्या मालिकेला बघणाऱ्यांची ४ लाखांहून जास्त पत्रं आली. लोकांनी तिच्यातल्या माणसांना सल्ले दिले, रागावले, समजावलं. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, काय कळतंय तुम्हाला म्हणून. आणि 'रजनी' आली, तेव्हा प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरवाल्याला, टॅक्सीवाल्याला जाब विचारायची. टॅक्सीवाल्यांनी तर त्याविरुद्ध मोर्चा काढला. मालिकेतली बाई खोटी होती, पण तिचा प्रश्न त्यांना खराच लागला.

दूध संघातल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट खास सांगते. १९७६ साली 'मंथन' नावाचा हिंदी चित्रपट आला, दूध सोसायटी कशी उभी राहते त्यावरचा. त्यातही स्मिता पाटील होती. त्याला पैसा दिला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी २ रुपये. मग आपला सिनेमा म्हणून ट्रक भरभरून बघायला गेले. दोन रुपये दिले की माणूस नुसता प्रेक्षक राहत नाही, मालक होतो. आपण गटात पै पै टाकतो, ते आणखी वेगळं काय?

आता ते आमच्या घरातलं वाक्य.

माझ्या सासूबाई, आम्ही आत्याबाई म्हणतो, आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या तरुणपणी जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. मधे कापड लावलेलं, एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया. बसायला जमीन. बाहेर इंजिन धडधडायचं. रीळ तुटली की बाप्यांकडून शिट्ट्या, आणि बायांकडून पोरांची रडारड. अशा एका जत्रेत आत्याबाईंनी 'मोलकरीण' बघितला. त्यात सुलोचनाबाई. आई आपल्याच मुलाच्या घरी, ओळख न देता, मोलकरीण म्हणून राबते. सगळ्या बाया रडल्या. आत्याबाईही रडल्या.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून त्या सहज बोलून गेल्या, "त्या आईनं पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, मी तुझी आई हाय म्हणून." ओसरीवर मामंजी होते. ते म्हणाले, "काय कळतंय तुला सिनेमातलं? बघायला नेलं होतं, का न्याय करायला?" पुढची चार वर्षं आत्याबाईंना तंबूत नेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मला हे त्यांनी सांगितलं, ते लग्नानंतर वीसेक वर्षांनी, वाती वळता वळता. म्हणाल्या, "पिक्चर गेला त्याचं काय नाही गं. पण मला वाटलं ते बोलले, तर एवढं काय झालं?"

बैठकीच्या रात्री मला झोप लागली नाही, ती यामुळे. साठ वर्षांपूर्वी जे सासऱ्यानं सुनेला ऐकवलं, तेच आम्ही बायांनी एका पोरीला ऐकवलं. तेही आपल्याच रेडिओवर, बाईचा आवाज बाहेर पडावा म्हणून उभ्या केलेल्या केंद्रात.

पाचजणींचं म्हणणं चुकीचं होतं असंही मी म्हणत नाही. वेळ थोडा असतो, लसीकरणाची तारीख सांगायलाच हवी. पण पोरगी आज पिक्चरमधल्या बाईबद्दल म्हणते, हिनं तोंड उघडायला हवं होतं. उद्या तिला बघायला पाहुणे येतील. तेव्हा स्वतःबद्दल बोलायचं धैर्य तिला कुठून येणार? दुसरीच्या गोष्टीवर मत देऊन देऊनच माणूस स्वतःच्या गोष्टीवर बोलायला शिकतं. निदान मी तरी तशीच शिकले, आणि फार उशिरा शिकले.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत मांडलं. एक तास वाद झाला. शेवटी चारजणी हो म्हणाल्या, दोघी नाही म्हणाल्या, एकजण म्हणाली बघू. तर तीन महिने बघायचं ठरलंय. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, पाच मिनिटं, तिची. पटलं नाही तर केंद्रावर फोन करून भांडा. तिला भांडायला आवडतं.

आणि एक काम तुम्हालाही. पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, सह्या झाल्या, की उठू नका. प्रत्येकीनं सांगायचं, मी पहिला सिनेमा कुठं बघितला, कुणाबरोबर, कुठं बसून, आणि मला काय वाटलं. सगळ्यात थोरल्या बाईपासून सुरुवात करा. जिनं एकही बघितला नाही, तिनं का नाही ते सांगायचं. रजिस्टरच्या मागच्या पानावर कुणीतरी लिहून घ्या. फाळक्यांच्या घरात रात्रभर फिल्म धुणाऱ्या सरस्वतीबाईंना तो पिक्चर कसा वाटला, हे आज कुणी सांगू शकत नाही. आपलं तरी राहायला नको.

पहिल्या गुरुवारी पोरीनं आत्याबाईंना केंद्रावर आणायचं ठरवलंय. 'मोलकरीण'बद्दल विचारणार आहे. आत्याबाई म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि लगेच विचारलं, "किती वाजता यायचं?"